पुलमन खरोखर गरीब आहे का? विद्यापीठाच्या गावाचे आकडे वाचताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मुलाला अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या पुलमन गावी, वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीत पीकशास्त्रात पीएचडीला प्रवेश मिळाला आहे. सूनबाईही सोबत जाणार आहेत. गावाची माहिती काढली तेव्हा तिघांतला एक माणूस दारिद्र्यरेषेखाली आणि घरटी उत्पन्न राज्याच्या निम्म्याच्या आसपास, असे दिसले. तेव्हापासून घरात काळजी आहे. गाव गरीब आहे का, तिथे कामधंदा कसला चालतो, आणि पुढची पाच वर्षे हे सगळे टिकेल का, हे तुम्हाला जाणून घ्यायचे आहे.

अमेरिकेतल्या छोट्या शहरांच्या लोकसंख्येचे अंदाज बांधणे आणि त्यावरून घरांचे नियोजन करणे हे माझे बऱ्याच वर्षांचे काम. त्यामुळे पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधीच देतो: गाव गरीब नाही. तरीही तुम्ही पाहिलेले आकडे खोटे नाहीत. विद्यापीठाच्या गावात सरासरी आणि मध्यक (म्हणजे सगळ्यांना चढत्या क्रमाने लावल्यावर बरोबर मधे येणारा आकडा) यांचे वर्णन तिथल्या एकाही माणसाला लागू पडत नाही, कारण एकाच हद्दीत दोन वेगळी गावे, एक विद्यार्थ्यांचे आणि एक कायम राहणाऱ्यांचे, राहतात आणि जनगणना त्यांची एकत्र गोळाबेरीज करते. म्हणून प्रत्येक आकड्याला आधी विचारायचे, की तू कोणाला मोजलेस, आणि ती माणसे जुलै महिन्यात, म्हणजे सुट्टीत, कुठे असतात?

दारिद्र्याच्या आकड्यापासूनच सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त घोटाळा तिथे होतो. वसतिगृहात राहणारी मुले या हिशेबात धरतच नाहीत. बाहेर खोली घेऊन राहणारी मुले मात्र धरतात. आता एका फ्लॅटमध्ये चार विद्यार्थी राहतात असे समजा. प्रत्येकजण ग्रंथालयात किंवा कॅफेत काम करून वर्षाला 9 हजार डॉलर मिळवतो. घरटी उत्पन्नाच्या तक्त्यात हे एक घर आणि त्याचे उत्पन्न 36 हजार. दारिद्र्याच्या तक्त्यात मात्र एकमेकांचे नातेवाईक नसलेली माणसे एकेकटी तपासली जातात. एकट्या माणसाची रेषा 16 हजार डॉलरच्या आसपास असल्याने त्या एका फ्लॅटमधून चार गरीब निघतात. शैक्षणिक कर्ज उत्पन्न म्हणून धरत नाहीत, आणि आईवडिलांनी परस्पर भरलेली फी किंवा भाडे या तक्त्यात कुठेच दिसत नाही. ज्याचा बाप सिएटलमध्ये डॉक्टर आहे तो मुलगाही इथे गरीबच नोंदला जातो.

हे काही माझे खासगी मत नाही. अमेरिकेच्या जनगणना ब्युरोने स्वतः, बाहेर राहणारे विद्यार्थी वगळून दारिद्र्याचे दर पुन्हा काढून पाहिले आहेत आणि विद्यापीठांच्या छोट्या गावांत ते बरेच खाली आले. तुम्हाला घरबसल्या पडताळायचे असेल तर ‘व्यक्तींचे दारिद्र्य’ हा तक्ता बाजूला ठेवा आणि ‘कुटुंबांचे दारिद्र्य’ हा उघडा. इथे कुटुंब म्हणजे नात्याने बांधलेली दोन किंवा अधिक माणसे एवढाच अर्थ. अशा गावात या दोन दरांत मोठी दरी दिसते. एक उदाहरण देतो. न्यूयॉर्क राज्यातल्या इथाका गावात कॉर्नेल विद्यापीठ आहे. 2000 च्या जनगणनेत तिथे 40.2 टक्के व्यक्ती दारिद्र्यरेषेखाली होत्या, कुटुंबे मात्र 13.5 टक्के. विद्यार्थ्यांच्या गर्दीखाली दडलेले गाव दिसते ते या दुसऱ्या आकड्यात.

तरी ‘मग गरिबी नाहीच’ असे म्हणून मोकळे होऊ नये. हॉटेलात भांडी घासणारी, वसतिगृहे झाडणारी, वृद्धांची सेवा करणारी माणसे याच गावात राहतात आणि घरभाड्याची झळ त्यांना खरोखर बसते. विद्यार्थ्यांच्या खोट्या गरिबीमागे ही खरी गरिबी झाकली जाते, आणि या पेशात मला सगळ्यात जास्त टोचते ते हेच. नगरपालिकेत कोणी स्वस्त घरांचा विषय काढला की ‘आकडे विद्यार्थ्यांमुळे फुगलेत’ हे उत्तर तयार असते. ते अर्धे खरे असते, आणि तेवढ्यावर विषय मिटवला जातो.

आता वय आणि लोकसंख्या. पुलमनची लोकसंख्या 2010 मध्ये 29,799 होती, 2020 मध्ये 32,901. वयाचा मध्यक बाविशीच्या आसपास. निम्म्याहून अधिक लोक 18 ते 24 वयाचे, अठराच्या आतली मुले दहा-अकरा टक्के, आणि पासष्टीपुढचे जेमतेम पाच टक्के. वयाचा आलेख काढला तर मधेच एक उंच सुळका आणि दोन्ही बाजूंना सपाटी. आणि हा सुळका पुढे सरकत नाही. साध्या गावात आजचे वीस वर्षांचे लोक दहा वर्षांनी तीस वर्षांचे होतात. इथे ते पदवी घेऊन निघून जातात आणि त्यांच्या जागी नवे अठरा वर्षांचे येतात. त्यामुळे नेहमीचे लोकसंख्येचे गणित, म्हणजे जन्म, मृत्यू आणि वय एकेक वर्षाने पुढे, इथे चालवले तर दहा वर्षांनी गावात तिशीतल्या माणसांचा पूर येतो, जो प्रत्यक्षात कधीच येत नाही. आम्ही विद्यार्थी वेगळे काढतो, त्यांची संख्या विद्यापीठाच्या पटावरून घेतो आणि उरलेल्या गावालाच नेहमीचे गणित लावतो.

त्या उरलेल्या गावाचा अंदाज घ्यायला माझ्या मते सगळ्यात प्रामाणिक आकडा सरकारी शाळांचा पट. मुले शाळेत आहेत म्हणजे घर आहे, स्थिर नोकरी आहे, आणि माणूस इथे राहायला आलेला आहे.

जनगणनेचा दिवस 1 एप्रिल, आणि विद्यार्थ्याने जिथे वर्षातला बहुतेक काळ राहतो तिथेच नोंद करायची असा नियम आहे. 2020 मध्ये नेमकी मार्चच्या मध्यात महामारी आली, वर्ग ऑनलाइन गेले आणि मुले घरोघरी परतली. नियम बदलला नव्हता. वसतिगृहांची यादी विद्यापीठाकडून मिळाली, पण बाहेरच्या फ्लॅटमधल्या मुलांनी अर्ज भरलाच असेल याचा भरवसा नव्हता. आपली माणसे कमी मोजली गेली, अशी तक्रार देशभरातल्या विद्यापीठी गावांनी केली. ही तक्रार नुसत्या प्रतिष्ठेसाठी नव्हती. वॉशिंग्टन राज्य मद्य आणि इंधनाच्या करातला वाटा शहरांना डोकी मोजून देते, दर वर्षी 1 एप्रिलच्या लोकसंख्येचा अधिकृत अंदाज त्यासाठीच काढते. म्हणजे प्रत्येक विद्यार्थी नगरपालिकेच्या जमेच्या बाजूला आहे. दुसरीकडे विद्यापीठाच्या जमिनी आणि इमारती राज्याच्या मालकीच्या असल्याने त्यांच्यावर मालमत्ता कर नाही. गावातली सगळ्यात मोठी मालमत्ता करमुक्त, आणि रस्ते, पाणी, बस मात्र सगळ्यांना लागणारच. या एका गोष्टीवरून अमेरिकेतल्या जवळपास प्रत्येक विद्यापीठी गावात नगरपालिका आणि विद्यापीठ यांची वर्षानुवर्षे ओढाताण चालू असते.

कामधंद्याकडे येण्याआधी आसपासचा मुलूख समजून घ्यावा लागेल. पुलमन ज्या टेकड्यांच्या प्रदेशात आहे त्याला पलूस म्हणतात (आपल्या सांगलीचे पलूस नव्हे). खाली आपल्या दख्खनसारखाच काळा बेसाल्ट, वर वाऱ्याने आणून टाकलेल्या मातीचे जाड थर. पाटाचे पाणी नाही, सगळी शेती कोरडवाहू, तरीही पुलमन ज्या व्हिटमन काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) आहे तिचे नाव देशात सर्वाधिक गहू पिकवणाऱ्या काउंट्यांत अग्रभागी घेतले जाते. सोबत मसूर, काबुली चणा, बार्ली. पुलमनमध्ये ऑगस्टात मसुराचा उत्सव भरतो. भारताशी या पिकांचा थेट संबंध आहे: 2019 च्या जूनमध्ये भारताने अमेरिकी मसूर आणि चण्यावर जादा आयातशुल्क लावले आणि 2023 च्या सप्टेंबरात काढले, तेव्हा इथल्या शेतकऱ्यांत त्याची चर्चा दिल्लीपेक्षा कमी नव्हती. गहू बहुतांश निर्यात होतो. स्नेक नदीच्या धक्क्यांवरून बार्जमधून, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू बोटींतून, कोलंबिया नदीत, तिथून समुद्रमार्गे आशियात.

एवढी समृद्ध शेती, मग तिने माणसे धरून ठेवली का? 1910 मध्ये काउंटीत 33 हजारांवर लोक होते आणि त्यातले पुलमनमध्ये अडीच हजारांच्या आसपास. 2020 मध्ये काउंटी 47,973. पुलमन वजा केले तर उरतात पंधरा हजार. म्हणजे शंभर-एकशेदहा वर्षांत पुलमनबाहेरची वस्ती निम्म्यावर आली. पीक वाढले, यंत्रे मोठी झाली, शेते एकमेकांत विलीन झाली, माणसे कमी लागू लागली. काउंटीचे मुख्यालय असलेल्या कोलफॅक्समध्ये आज तीन हजारही लोक नाहीत. काउंटीचे क्षेत्रफळ आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यापेक्षा थोडे जास्तच आहे. सिंधुदुर्गात 2011 साली साडेआठ लाख लोक होते. या ओस पडत चाललेल्या मुलखात दर तीन माणसांतली दोन एकाच गावात गोळा झाली आहेत, कारण 1890 मध्ये राज्याने तिथे शेतकी महाविद्यालय स्थापन केले. हा इतिहास डोळ्यांसमोर ठेवला म्हणजे विद्यापीठ या गावाला काय आहे ते कळते.

त्या महाविद्यालयाशी मराठी माणसाचा संबंध जुना आहे. वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे, गदर चळवळीतले क्रांतिकारक, यांनी 1913 मध्ये इथूनच शेतीची पदवी घेतली आणि पुढे मेक्सिकोत कृषिशास्त्रज्ञ म्हणून नाव कमावले. पुढे याच पुलमनमध्ये ऑरव्हिल व्होगेल या अमेरिकी कृषिखात्याच्या संशोधकाने जपानी ‘नोरिन 10’ गव्हाचा संकर करून बुटका गहू तयार केला. त्यातले बियाणे मेक्सिकोत नॉर्मन बोरलॉग यांच्याकडे गेले, आणि तिथून निघालेल्या वाणांनी भारतातली हरितक्रांती घडवली. तुमचा मुलगा पीकशास्त्र शिकायला चालला आहे म्हणून हे मुद्दाम सांगतो. गावाच्या उत्पन्नाच्या तक्त्यात या कामाचा रकाना नाही, पण त्या मातीत पीकशास्त्राचे काम किती खोलवर रुजले आहे ते यावरून कळेल.

आज गावातला सगळ्यात मोठा रोजगार विद्यापीठाचा. विद्यापीठातली नोकरी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर येतात ते प्राध्यापकच. पण वेतनपटावर प्राध्यापकांहून कितीतरी जास्त माणसे प्रयोगशाळेत, कार्यालयांत, स्वयंपाकघरांत, देखभालीत, पशुवैद्यकीय रुग्णालयात असतात. विद्यापीठाची स्वतःची दुग्धशाळा आहे, तिथले पत्र्याच्या डब्यात भरलेले चीज दूरदूर विकले जाते आणि ते बनवायला विद्यार्थीच असतात.

दुसरा आधार श्वाइट्झर इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज, म्हणजे एसईएल. या विद्यापीठातून पीएचडी झालेल्या आणि इथेच शिकवणाऱ्या एडमंड श्वाइट्झर यांनी 1982 मध्ये ती सुरू केली. वीजवाहिन्यांच्या संरक्षणाचे डिजिटल रिले ती बनवते. रिले म्हणजे वाहिनीत बिघाड झाला की तो ओळखून तेवढा भाग बंद करायला लावणारे उपकरण. कंपनी कर्मचाऱ्यांच्या मालकीची आहे आणि इथून हलली नाही. अमेरिकेतली बहुतेक विद्यापीठी गावे आणि पुलमन यांत मला दिसणारा मोठा फरक हाच. इतरत्र विद्यापीठाखेरीज उरतात रुग्णालय, शाळा, हॉटेले आणि दुकाने, म्हणजे विद्यापीठाच्याच पैशावर चालणारे व्यवसाय. इथे एक कारखाना आहे जो जगभर माल विकतो आणि जून महिन्यातही तितकाच चालतो. इथल्या पंचविशीपुढच्या लोकांत पदवीधर निम्म्याहून कितीतरी जास्त निघतात त्यामागे विद्यापीठाबरोबर ही कंपनीसुद्धा आहे.

आणि मग राज्याची सीमा. तेरा किलोमीटरवर मॉस्को नावाचे गाव, पण ते आयडाहो राज्यात. तिथे आयडाहो विद्यापीठ. एकाच बाजारपेठेचे दोन तुकडे आणि दोन कायदे. 2025 मध्ये वॉशिंग्टनचे किमान वेतन तासाला 16.66 डॉलर, सीमेपलीकडे 7.25. वॉशिंग्टनमध्ये पगारावर राज्याचा आयकर नाही, आयडाहोत आहे. उलट वॉशिंग्टनमध्ये किराण्यावर विक्रीकर नाही, आयडाहोत 6 टक्के. त्यामुळे काम एकीकडे, खोली दुसरीकडे, खरेदी तिसऱ्याच हिशेबाने, असे इथल्या माणसाचे आयुष्य दोन्ही गावांत विभागलेले असते. फक्त पुलमनचे आकडे पाहणारा अर्धेच पाहतो.

आता टिकेल का, या प्रश्नाकडे. खरी काळजी करायची तर गरिबीची नको, एका टेकूवर उभे असण्याची करा. पुलमनमधल्या विद्यार्थ्यांची संख्या महामारीपूर्वी वीस हजारांच्या वर होती, ती काही वर्षांत सतरा हजारांच्या घरात आली. तीन हजार मुले कमी म्हणजे या गावाच्या दृष्टीने दहातला एक माणूस कमी. त्याचा परिणाम आधी दिसतो तो विद्यापीठाच्या पूर्वेच्या टेकड्यांवरच्या अपार्टमेंटमध्ये, जिथे रिकाम्या खोल्या वाढतात, आणि मग मुख्य रस्त्यावरच्या पिझ्झाच्या दुकानांत. शिवाय अमेरिकेत 2007 नंतर जन्म घटत गेले, त्यामुळे अठरा वर्षांची मुलेच आता कमी होत जाणार आहेत. त्यात 2023 मध्ये पॅक-12 ही विद्यापीठांच्या संघांचे आपसातले सामने भरवणारी जुनी संघटना फुटली, दहा विद्यापीठे निघून गेली आणि वॉशिंग्टन स्टेट व ओरेगन स्टेट ही दोनच मागे राहिली. खेळाचा अर्थकारणाशी काय संबंध, असे वाटेल. पुलमनचे फुटबॉल मैदान सुमारे 33 हजार प्रेक्षकांचे आहे, म्हणजे अख्खे गाव त्यात बसेल. वर्षातले सहा-सात सामने हाच इथल्या हॉटेलांचा हंगाम. दूरचित्रवाणीच्या हक्कांचा पैसा आटला की विद्यापीठाच्या अंदाजपत्रकाला खड्डा पडतो आणि तो कुठून तरी भरावा लागतो.

पाणी हा आणखी एक मुद्दा, त्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही. दोन्ही गावांचे पिण्याचे पाणी बेसाल्टमधल्या भूजलातून येते आणि त्याची पातळी अनेक दशके खाली चालली आहे. पाच वर्षांत नळ कोरडे पडणार नाहीत, पण गावाच्या वाढीला खरी मर्यादा घालणारी गोष्ट हीच आहे असे मला वाटते.

तुमच्या मुलापुरते बोलायचे तर विद्यार्थीसंख्येतली घट त्याच्या फायद्याची आहे, कारण खोल्यांची निवड वाढते. इथली दर दहा घरांतली सुमारे सात भाड्याची. करार बहुधा ऑगस्ट ते जुलै असे पूर्ण वर्षाचे होतात आणि चांगल्या जागांची बोलणी आधीच्या हिवाळ्यातच सुरू होते. प्रवेश आता मिळाला असेल तर आधी विद्यापीठाच्या, विवाहित व संशोधक विद्यार्थ्यांसाठीच्या घरांकरिता अर्ज करावा आणि बाहेरच्या करारावर, जागा कोणी विश्वासू माणसाने डोळ्यांनी पाहिल्याखेरीज सही करू नये. बाहेरचे घर घेतले तर बसचा मार्ग पाहून घ्यावे. गाव चार टेकड्यांवर आहे आणि हिवाळ्यात बर्फात ते चढ पायी चढणे सोपे नाही. विद्यार्थ्यांना बससाठी वेगळे तिकीट लागत नाही, त्याचा पैसा शुल्कातूनच जातो.

सूनबाईंच्या बाबतीत मात्र स्पष्ट सांगायला हवे. मुलगा एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर आणि त्या एफ-2 या जोडीदाराच्या व्हिसावर असतील तर त्यांना पगारी काम करता येणार नाही. गावात नोकऱ्या किती आहेत याने काही फरक पडत नाही. म्हणजे दोघांचा खर्च एका विद्यावेतनावर, आणि जनगणनेच्या तक्त्यात तेही कमी उत्पन्नाच्या रकान्यातच दिसतील. त्यांना शिकायचे असेल तर स्वतंत्र प्रवेश घेऊन एफ-1 वर जाणे, म्हणजे आवारातले काम तरी करता येते. विद्यापीठ मुलाला जे-1, म्हणजे शैक्षणिक देवाणघेवाणीच्या व्हिसावर, बोलावू शकत असेल तर जोडीदाराला परवानगी काढून काम करता येते, पण त्या व्हिसाला कधी कधी दोन वर्षे मायदेशी परतण्याची अट असते, ती आधी वाचून घ्यावी.

स्वस्त भाड्यासाठी मॉस्कोत राहावे का, असे बरेचजण विचारतात. दोन गावांमध्ये पक्का सायकलमार्ग आहे, अंतरही फार नाही. पण आयडाहोत राहिल्यास तिथला आयकर लागू होऊ शकतो, किराण्यावर कर पडतो, आणि बर्फाच्या दिवसांत रोजची ये-जा गाडीशिवाय अवघड. भाड्यातला फरक या तिन्ही खर्चांपेक्षा मोठा निघाला तरच तो विचार करावा. पहिल्या वर्षी तरी मी पुलमनमध्येच राहायला सांगेन.